एलएसआय ९२११-८आय : डिस्क आणि फाइलसिस्टिम यांच्या मध्ये लुडबुड न करणारं कार्ड

छोट्या ऑफिसच्या सर्व्हरमध्ये डिस्क जोडायला कोणतं कार्ड घ्यावं असं कुणी विचारलं, तर मी एलएसआयचं ९२११-८आय सांगतो. कार्ड जुनं आहे. त्यावरची सॅस२००८ चिप पंधरा वर्षांहून जुनी. एलएसआय कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली, अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं, त्यामुळे स्टिकरवर यांपैकी कोणतंही नाव दिसू शकतं. शिवाय आयबीएमचं एम१०१५ आणि डेलचं एच२०० हीसुद्धा याच चिपवरची भावंडं. मला मिळालं ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला, जुन्या सर्व्हरमधून काढलेलं, दोन केबलींसह साडेचार हजारांना.

या कार्डावर कॅश नाही, बॅटरी नाही, आणि आयटी फर्मवेअर (कार्डाच्या आतलं, डिस्क फक्त पुढे देणारं सॉफ्टवेअर) घातलं की रेडही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच दाखवण्याची सोयही, नाही. जोडलेली प्रत्येक डिस्क जशी आहे तशी ते ऑपरेटिंग सिस्टिमपुढे ठेवतं. हा त्याचा सर्वांत मोठा गुण का, ते कळायला त्याच्या आधीच्या कार्डाने काय केलं ते सांगायला हवं.

इचलकरंजीतला यंत्रमागाचा कारखाना. शेडला लागूनच ऑफिस, ऑफिसच्या मागच्या खोलीत सर्व्हर. त्यावर डेबियन लिनक्स, फाइली ऑफिसभर वाटून देणारं सांबा, जॅकार्डच्या (नक्षी विणण्याच्या) डिझाइन फाइली आणि हिशेबाचा डेटा. चार डिस्क, दोन-दोनच्या मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), एका हार्डवेअर रेड कार्डाच्या मागे. कार्डाच्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. मुद्दा त्या प्रकारच्या कार्डाचा आहे.

तक्रार आली ती अशी: दुपारी डिझाइनरच्या फाइली सेव्ह होईनात. फाइल उघडते, बदलता येते, पण जतन करताना नकार. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये पाहिलं तर ईएक्सटी४ ने (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या फाइलसिस्टिमने) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, सोडून दिलं होतं आणि फाइलसिस्टिम स्वतःहून रीड-ओन्ली करून घेतली होती. ही फाइलसिस्टिमची शहाणी वागणूक आहे. खालून येणाऱ्या माहितीवर विश्वास उरला नाही की ती लिहिणं थांबवते, म्हणजे नासाडी तिथेच थांबते. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम असती तर तिने फाइलसिस्टिम सरळ बंदच केली असती. पण ऑफिसला दिसलं ते एवढंच, की सर्व्हर 'लटकला'. कुणीतरी रीबूट केलं, सगळं सुरू झालं, आणि पुन्हा एका दुपारी तेच.

हार्डवेअर पुरवणाऱ्याने येऊन डिस्क बदलली. रेड कार्डाने एक डिस्क बाद दाखवली होती, त्यामुळे त्याचंही वरवर चुकलं नव्हतं. नवी डिस्क घातली, रीबिल्ड, म्हणजे जोडीच्या डिस्कवरून नवी भरणं, सुरू झालं, अर्ध्यात तुटलं. मग दुसरी डिस्क बाद दिसू लागली, तीही बदलली. मालक मला म्हणाले, "काय ओ साहेब, नवीन डिस्क घातल्या तरी बी तेच? आता अजून किती घालायच्या?" आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं.

मला शंका आली ती यामुळेच. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, वेगवेगळ्या लॉटमधल्या डिस्क एका आठवड्यात मरत नाहीत. एकाहून जास्त डिस्क एकदम आजारी दिसल्या, तर त्या सगळ्यांना जे सामायिक आहे तिकडे आधी बघायचं: केबल, बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती पाटी), पॉवर सप्लाय आणि कंट्रोलर. २००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठ आणि नेटअ‍ॅपच्या संशोधकांनी सुमारे ३९,००० स्टोरेज यंत्रणांच्या ४४ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यांत जवळजवळ १८ लाख डिस्क होत्या. स्टोरेजच्या बिघाडांत डिस्कचा वाटा यंत्रणेच्या प्रकारानुसार २० ते ५५ टक्के निघाला, आणि डिस्कपर्यंत पोचवणाऱ्या जोडणीचा, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, केबल, बॅकप्लेन वगैरेंचा, २७ ते ६८ टक्के. हे आकडे व्यावसायिक स्टोरेज यंत्रणांचे. पण आपल्याकडे डिस्क बदलणं सोपं आणि समोर दिसणारं म्हणून पहिला बळी तिचाच जातो.

डिस्क निर्दोष आहे हे सिद्ध करण्यात रेड कार्डाचीच अडचण असते. ते डिस्कला आपल्या मागे लपवतं. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यांचे, आकडे सरळ दिसत नाहीत, कार्डाच्या जातीप्रमाणे वेगळा पर्याय देऊन विचारावे लागतात, आणि काही कार्डं तेवढंही सांगत नाहीत. म्हणून सर्व्हर बंद करून डिस्क एकेक करून काढल्या आणि दुसऱ्या साध्या मशीनच्या मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला लावल्या. बदलून बाजूला टाकलेल्या दोन्ही डिस्कही मी मागून घेतल्या. स्मार्टमधली पाच नंबरची ओळ, म्हणजे जागा बदललेले सेक्टर: शून्य. १९७, म्हणजे अडकून बसलेले सेक्टर: शून्य. १९८ही शून्य. लांबची सेल्फ-टेस्ट पास. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खी डिस्क वाचली, कर्नलने चकार शब्द काढला नाही. १९९ नंबरच्या ओळीत थोडी नोंद होती. ती ओळ डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या तारेवरच्या चुका मोजते. एवढ्यावरून केबलचा संशय घेता येतो, म्हणून पहिल्यांदा बदलायची ती केबलच. सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच. बदलली. दुखणं तसंच. डिस्क बॅकप्लेनमधून काढून सरळ तारेने जोडल्या, तसंच. पॉवर सप्लायच्या १२ आणि ५ व्होल्टच्या लाइनी चालू लोडवर मल्टिमीटरने मोजल्या, ठीक होत्या.

मग जी चाचणी केली ती प्रत्येकाने शिकून ठेवावी, कारण तिला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. एक मोठी फाइल घ्यायची, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली माउंट करायची, आणि फाइलचा शा-२५६ चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकड्यांचा ठसा, काढायचा. मग कर्नलची कॅश रिकामी करायची, नाहीतर दुसऱ्या वेळी फाइल रॅममधूनच वाचली जाईल आणि डिस्कपर्यंत कुणी जाणारच नाही. पुन्हा चेकसम. फाइल रेड कार्डाच्या कॅशपेक्षा पुष्कळ मोठी हवी, म्हणजे तिथूनही आयती मिळणार नाही. न बदललेल्या फाइलचा चेकसम कितीही वेळा काढला तरी तोच आला पाहिजे. आमच्याकडे सकाळी तोच येत होता. दुपारी, शेड तापल्यावर, वेगळा येऊ लागला, आणि प्रत्येक वेळी वेगळा. लॉगमध्ये त्या वेळी एकही एरर नाही. डिस्क म्हणते वाचून दिलं, कार्ड म्हणतं पोचवलं, आणि मधल्या मध्ये बिट बदललेले.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. डिस्क ते कार्ड या तारेवर सीआरसी, म्हणजे डेटाबरोबर जाणारा पडताळणीचा आकडा, असतो, तो तिथली चूक पकडतो. पण डेटा एकदा कार्डात शिरला की तो कार्डाच्या मेमरीत थांबतो, तिथून पीसीआय-एक्सप्रेसवरून मशीनच्या रॅममध्ये जातो. तारेवरच्या सीआरसीचं काम तोवर संपलेलं असतं. कार्डाची मेमरी किंवा चिप बिघडली तर चुकीचा डेटा अगदी व्यवस्थित, वेळेवर आणि कोणतीही कुरकुर न करता पोचतो. कार्ड काढून पाहिलं तेव्हा त्याच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू इतके घट्ट बसले होते की हवा जायला फटच नव्हती. ब्रशने आणि ब्लोअरने साफ करून पुन्हा चाचणी घेतली. बिघाड कमी झाला, गेला नाही. तेच कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये, दुसऱ्या केबलने, दुसरी डिस्क लावूनही चेकसम हलला. तिथे निकाल लागला.

या सगळ्या काळात एक गोष्ट मी कुणालाही करू दिली नाही: एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा हुकूम. फाइलसिस्टिम बिघडली की हात आपोआप तिकडे जातो. पण एफएससीके जे वाचतं त्यावरून काय चुकीचं हे ठरवतं आणि मग लिहितं. कार्डच खोटं वाचून दाखवत असेल, तर चांगल्या आयनोडला (फाइलच्या नोंदीला) ते खराब ठरवून पुसेल, आणि ते पुसणंही त्याच कार्डातून जाईल. आधी फक्त तपासणीच्या, न लिहिणाऱ्या पर्यायाने चालवून पाहावं. लागोपाठ दोनदा चालवून चुकांच्या दोन वेगळ्या याद्या मिळाल्या, तर दोष फाइलसिस्टिमच्या खाली आहे आणि तिला हात लावायचा नाही. आमच्याकडे दोन याद्या वेगळ्याच आल्या. एक्सएफएस असेल तर रिपेअरच्या हुकमाला असाच न लिहिणारा पर्याय आहे.

डेटा काढला तो निरोगी मशीनवर. प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूने वेगळ्या मोठ्या डिस्कवर प्रत घेतली आणि प्रतीवरच काम केलं, तीही रीड-ओन्ली आणि जर्नल न चालवता माउंट करून. मिररच्या दोन डिस्क सारख्या असायला हव्यात. त्या सारख्या नव्हत्या, आणि कोणती खरी हे रेड सांगू शकत नाही, कारण साध्या मिररकडे दोन प्रती असतात, पण निवाडा करायला काहीच नसतं. डिझाइनच्या फाइली बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरच्या बॅकअपशी चेकसमने ताडून पाहिल्या. हिशेबाचा डेटा शेवटच्या चांगल्या बॅकअपवरून घेतला आणि मधली बिलं हिशेबनीस काकांनी कागदावरून पुन्हा भरली. ते काम कंटाळवाणं होतं, त्यांनी ते मन लावून केलं, आणि म्हणूनच त्या ऑफिसचा ताळेबंद जुळला.

आता कार्डाकडे.

९२११-८आय पीसीआय-एक्सप्रेस २.० च्या आठ लेनचं आहे. त्यावर एसएफएफ-८०८७ जातीची दोन कनेक्टर, प्रत्येकातून चार, म्हणजे एकूण आठ डिस्क. प्रत्येक पोर्ट सहा गिगाबिटचा. फिरत्या डिस्कला हे भरपूर होतं. आठही डिस्क एकदम जोरात वाचल्या तरी कार्ड अडत नाही. याच्या आधीच्या पिढीतल्या सॅस१०६८ई चिपच्या कार्डांना दोन टेराबाइटच्या वरच्या डिस्क पूर्ण दिसत नाहीत. बाजारात ती कार्डं आणखी स्वस्त मिळतात, तिकडे वळू नका. ९२११ ला ती मर्यादा नाही.

केबल घेताना नीट बघा. एसएफएफ-८०८७ वरून चार साटा फुटणाऱ्या केबली दोन जातींच्या असतात, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला सारख्याच. या कार्डावरून डिस्कला जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स लावली तर एकही डिस्क दिसत नाही, आणि माणूस चांगलं कार्ड मेलं म्हणून परत देऊन येतो. दुकानदाराला जात विचारूनच पैसे द्या.

कार्ड आलं तेव्हा त्यावर आयआर फर्मवेअर होतं, म्हणजे थोडं रेड करणारं. ते पुसून आयटी घातलं. काम अवघड नाही, पण निवांतपणे आणि यूपीएसवर करायचं. आधी कार्डाच्या स्टिकरवरचा सॅस पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) कागदावर लिहून घ्या, पुसल्यावर तो पुन्हा भरावा लागू शकतो. पुसणं आणि नवं लिहिणं यांच्या मध्ये मशीन बंद होऊ देऊ नका. फर्मवेअर पी२० मालिकेतलं २०.००.०७.०० हेच घ्या. पी२० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांबद्दल बऱ्याच तक्रारी होत्या, आणि एका भ्रष्ट कार्डातून सुटून दुसरीकडे तेच भोगण्यात अर्थ नाही. कार्डावरच्या डिस्कवरून बूट करायचं नसेल तर बूट रॉम घालूच नका. मशीन लवकर सुरू होतं. आम्ही सिस्टिम मदरबोर्डवरच्या एसएसडीवर ठेवली, कार्डामागे फक्त डेटा.

त्यावर झेडएफएस, म्हणजे मिरर स्वतःच सांभाळणारी फाइलसिस्टिम, दोन मिरर. डेबियनच्या कर्नलमधला एमपीटी३सॅस ड्रायव्हर कार्ड लगेच ओळखतो, वेगळं काही घालावं लागत नाही. आता प्रत्येक डिस्क तिच्या खऱ्या सीरियल नंबरसह दिसते, तिचा स्मार्ट सरळ विचारता येतो, तापमान रोज नोंदवता येतं. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा ठेवतं, त्यामुळे मिररच्या दोन प्रतींत फरक पडला तर कोणती खरी हे त्याला ठरवता येतं आणि दुसरी ते दुरुस्त करतं. पूलची, म्हणजे झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्कची, स्थिती विचारली की रीड, राइट आणि सीकेसम (चेकसम न जुळण्याच्या चुका) असे तीन रकाने येतात. मी त्या ऑफिसातल्या मुलाला शिकवलं आहे ते असं: एकाच डिस्कसमोर आकडा वाढला तर डिस्क किंवा तिची तार, सगळ्यांसमोर एकदम वाढला तर कार्ड, पॉवर किंवा रॅम, आणि त्या वेळी काही न करता मला फोन. जुन्या कार्डाने जे लपवलं, ते आता हा तिसरा रकाना दाखवतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात २००७ मध्ये न कळत बिघडणाऱ्या डेटाचा शोध घेतला, तेव्हा तिथेही मोठा वाटा डिस्कचं फर्मवेअर आणि रेड कंट्रोलर एकमेकांशी न जुळण्याचा निघाला होता. एवढ्या मोठ्या ठिकाणी ते स्वतःहून दिसलं नाही, मुद्दाम ताडून पाहावं लागलं. दर महिन्याला स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसम ताडणं, लावला आहे. तोही दुपारी चालेल असा, कारण त्रास दुपारचाच होता. उन्हाळ्यातल्या स्क्रबमध्येही तिसरा रकाना शून्यावर राहिला.

कार्डात उणिवा आहेत, आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली उष्णता. हीटसिंक आहे, पंखा नाही. हे कार्ड सर्व्हरच्या डब्यातल्या जोरदार हवेच्या भरवशावर बनवलेलं आहे. साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये ते बोट ठेवता येणार नाही इतकं तापतं. आम्ही त्याच्यासमोर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा लावला, कॅबिनेटच्या तोंडाला धुता येणारी जाळी बसवली, आणि सर्व्हर शेडच्या भिंतीपासून हलवून पलीकडच्या खोलीत नेला. हे केलं नाही तर कापसाच्या गावात या कार्डाचीही गत जुन्यासारखीच होईल. जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट वाळलेली असते, तीही बदलून घ्यावी.

दुसरी, वेग. बॅटरीवाल्या रेड कार्डाला लिहून झालं असं लगेच सांगता येतं, कारण डेटा त्याच्या कॅशमध्ये सुरक्षित असतो. इथे डिस्कवर पोचेपर्यंत थांबावं लागतं. ज्यांचा डेटाबेस सेकंदाला शेकडो नोंदी पक्क्या करतो, त्यांना फिरत्या डिस्कवर हे जाणवेल. त्यांनी वीज गेल्यावरही डेटा टिकवणाऱ्या एसएसडीचा विचार करावा. आमच्या हिशेबनीस काकांना फरक कळलासुद्धा नाही. काही साध्या एसएसडींना या कार्डामागे ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) चालत नाही, हेही घेण्याआधी तपासा.

तिसरी उणीव वयाची. रेड हॅट कंपनीने आपल्या एंटरप्राइझ लिनक्स ८ पासून सॅस२००८ चा आधार आपल्या ड्रायव्हरमधून काढला. तिथे बाहेरून ड्रायव्हर घ्यावा लागतो, आणि कर्नल अपडेट झाल्यावर डेटाची डिस्कच गायब, असा प्रसंग ओढवू शकतो. त्या घराण्यातली सिस्टिम चालवत असाल तर हे कार्ड घेऊ नका. ९२०७-८आय घ्या, त्याच केबली चालतात आणि चिप पुढच्या पिढीची, सॅस२३०८, आहे. थोडे जास्त पैसे असतील आणि नवं मशीन असेल तर १२ गिगाबिटचं ९३००-८आय, पण त्याचं कनेक्टर वेगळं असतं, एसएफएफ-८६४३, म्हणजे केबलीही नव्या.

चौथी, नकली माल. नवं कोरं, चकचकीत पॅकिंगमधलं ९२११ स्वस्तात मिळत असेल तर मला ते नको. एवढ्या जुन्या कार्डाचा नवा साठा येणार कुठून? मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमधून निघालेलं, थोडं मळलेलं, मूळ स्टिकर आणि सॅस पत्ता शाबूत असलेलं कार्ड बरं. दुकानातच मशीनला लावून फर्मवेअरच्या साधनाने त्याची माहिती वाचून दाखवायला सांगा. माझ्या दुकानदाराने कुरकुर न करता दाखवली, आणि घरी जाऊन चाचणी घ्यायला आठवड्याची मुदत दिली. ती मुदत मी पूर्ण वापरली: चार डिस्क लावल्या, पूल बनवला, भरला, स्क्रब केला, उन्हात टेबल ठेवून पुन्हा केला.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा पंख्याचा कापला.

घेणार असाल तर एकाच वेळी दोन घ्या, दुसऱ्यावरही तेच फर्मवेअर घालून ठेवा आणि ते सर्व्हरच्याच खोलीत, पिशवीवर आवृत्ती लिहून ठेवा. झेडएफएसचा पूल कोणत्याही आयटी कार्डामागे, मदरबोर्डच्या पोर्टवरसुद्धा, जसाच्या तसा उघडतो, त्यामुळे हे कार्ड गेलं तरी तसंच हुबेहूब कार्ड शोधत बसावं लागत नाही. आमच्याकडचं दुसरं कार्ड अजून पिशवीतच आहे.